हरभऱ्याएवढा म्हसोबा

दुपारचे अडीच वाजलेत आणि मी झोपणार नाहीये. हे मी स्वतःला तिसऱ्यांदा सांगतेय. कचेरीत असताना एकच गोष्ट तीनदा सांगणारा माणूस समोर आला की मी ओळखायचे, याचे कागद अपुरे आहेत.

आरामखुर्चीत मी नुसती टेकलेय. छातीवर दावणमाळाची नोंदवही आहे, जाड पुठ्ठ्याची, तीनशे पानी. डोक्यावरचा पंखा दर फेरीला एकदा टक् करतो. संध्याकाळच्या आत मला काहीतरी ठरवायचंय, कारण उद्या सकाळी सातला दावणमाळावर जेसीबी चढणार आहे, आणि तो ज्या रेषेवरून जाणार ती रेषा माझ्यामुळे तिथं आखली गेलीय.

दावणमाळ म्हणजे आमच्या गावामागचं नव्वद एकरांचं राखीव पठार. उभ्यानं पाहिलं तर खडक आणि गवत. भाद्रपदात पोटावर झोपून पाहिलं तर भर बाजार: गेंदाची पांढरी बटणं, सीतेच्या आसवांची निळाई, नभाळी, कवला, पानांवर चिकट थेंब धरून चिलटांची वाट बघणारा दवबिंदू, आणि या सगळ्यांवरून ये-जा करणारे ढालकिडे, चतुरांच्या जातीतल्या टाचण्या, कोळी, सुरवंट. आम्ही पाचसहा जण त्यांचे फोटो काढतो. त्यात खरे फोटोग्राफर एकच होते, बाबालालभाई शिकलगार. चाळीस वर्षं बाजारपेठेत स्टुडिओ चालवून, अर्ध्या तालुक्याच्या हनुवट्या खाली करून, म्हातारपणी ते किड्यांकडे वळले.

मी त्यांची कारकून. बत्तीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक लिहिली, आलेला कागद या रकान्यात, गेलेला त्या. हाताला दुसरं काही येत नाही. ते कॅमेरा घेऊन वर कड्यापर्यंत जायचे. मी गुडघ्यामुळे पायथ्याच्या फाटकापाशी थांबायचे, मोबाइलला चिमट्याचं भिंग लावून आसपासचे मुंगळे टिपायचे, आणि ते खाली आले की सांगतील ती नोंद करायचे. कोणतं फूल, कोणती तारीख, कुठली जागा. शेजारी त्यांनी दिलेला प्रिंट, कात्रीनं नीट कापून रकान्यात बेतून चिकटवलेला. प्रिंट काढला की ते कॅमेऱ्यातलं कार्ड पुसून टाकायचे. रोल संपला की संपला, ही जुनी सवय. त्यामुळे जे काही उरलंय ते या वहीत. हिच्यात एक चौकट रेषेबाहेर नाही, एक तारीख खाडाखोडीची नाही.

फक्त अकरा जागा खोट्या आहेत.

झालं असं की सात वर्षांपूर्वी कुणीतरी खर्चुडीचा फोटो मोबाइलवरच्या ग्रुपवर टाकला. खर्चुडी म्हणजे गवतात लपणारं वीतभर झाड, त्याला कंदिलासारखं एक फूल. पुढच्या रविवारी शहरांतून साठ माणसं आली. दंडाएवढ्या लेन्स, हातात पाण्याचे फवारे, कारण दव आपण होऊन पडेल यावर त्यांचा भरवसा नव्हता. संध्याकाळी तिथं चिखल उरला. एकानं तर कंदासकट झाड नेलं, कुंडीत लावायला. त्या दिवसापासून बाबालालभाईंचा नियम: दुर्मीळ झाडाची जागा वहीत लिहायची ती सरकवून. किती आणि कुठं सरकवली ते त्यांच्या डोक्यात, पुढं त्यांना एकट्याला सापडलेल्या दुसऱ्या खर्चुडीचंसुद्धा. मला मुद्दाम सांगितलं नाही. "तुम्हाला खोटं बोलता येत नाही बाई, फक्त लिहिता येतं," म्हणाले. मी हसले होते.

मार्गशीर्षात बाबालालभाई गेले. जूनमध्ये वनखात्याचे तोडकर साहेब वही मागायला आले. माळावर फरशीची पायवाट होणार होती आणि वहीतल्या अकरा जागा टाळून ती आखायची होती. साहेबांनी पानं उलटली आणि म्हणाले, असलं स्वच्छ रेकॉर्ड मी कुठं पाहिलं नाही. मग चहा आला. पंधरा ऑगस्टला शाल आणि नारळ आला. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते मी चहाबरोबर गिळलं, आणि शालीच्या वेळी पुन्हा.

आज सकाळी साहेबांच्या गाडीतून वर जाऊन रेषा पाहिली. फक्कीची पांढरी रेषा पठाराच्या मधून न जाता पूर्वेच्या कड्याकडेनं वळवलीय. साहेब कौतुकानं म्हणाले, तुमच्या वहीत कड्याला एकही नोंद नाही, म्हणून तिकडून काढली. माळाच्या मध्यावर अकरा लाल झेंडे अकरा रिकाम्या जागांची राखण करत उभे आहेत. आणि बाबालालभाई वरून उतरायचे तेव्हा त्यांच्या गुडघ्यांना कायम कड्याचाच तांबडा चिखल असायचा.

माझा बेत साधा आहे. खर्चुडीची खरी जागा गुपचूप शोधायची. उद्या सातच्या आत साहेबांना म्हणायचं, हे बघा, आजच सापडली. वही शाबूत, शाल शाबूत, खर्चुडी शाबूत. अडचण एवढीच, की जागा माहीत असलेला माणूस नऊ महिन्यांपूर्वी गेलाय.

पंखा टक् करतो. मी झोपणार नाहीये. टक्. मी नुसते डोळे

टक्.

"हलू नका."

डोक्यावर काळं फडकं घेतलेला माणूस कॅमेऱ्यामागे वाकलाय. समोर स्टुलावर उडी मारणारा कोळी बसलाय. तांदळाच्या दाण्याएवढाच आहे, पण स्टूल भरून गेलंय.

"मान जरा वर. हनुवटी खाली. डोळे मिटू नका. सगळे."

कोळी आठही डोळे ताणतो. टक्. भिंतीलगतच्या बाकावर रांग लागलीय. खंडोबाची घोडी हात जोडून बसलीय, बदलीच्या कामाला आलेल्या मास्तरासारखी. ढालकिड्यानं पाठ चकचकीत करून आणलीय. गोगलगाय शेजाऱ्याला सांगतेय की तिचा नंबर खरं तर सकाळचा होता. मी सगळ्यांच्या मागे उभी राहते. रांग मोडणाऱ्यांना मी आयुष्यभर परत पाठवलंय.

फडक्यातून बाबालालभाईंचं डोकं बाहेर येतं. तोच पांढरा शर्ट, खिशात तोच कंगवा. ते गेलेत हे मला ठाऊक आहे. त्यांना ठाऊक आहे की नाही याची खात्री नसल्यानं मी आधीच सांगून टाकते.

"तुमची जावक नोंदवलीय मी. वहीच्या शेवटच्या पानावर."

"तारीख बरोबर टाकली ना?"

"बरोबर आहे."

"मग काळजी नाही." ते कंगवा काढून उरलेल्या चार केसांवरून फिरवतात. "बोला. फोटो कशासाठी? पासपोर्ट, लग्न, का सत्कार?"

मला फोटो नकोय, मला खर्चुडीची जागा हवीय, असं सांगायला मी तोंड उघडते आणि खाली बघते. माझ्या खांद्यावर ती शाल आहे. काखेत नारळ आहे.

"सत्कार," मी म्हणते.

"मग पडदा लावू."

ते दोरी ओढतात. वरून तो जुना रंगवलेला पडदा उलगडत खाली येतो: तळं, दोन हंस, राजवाड्याच्या पायऱ्या. आमच्या तालुक्यातली निम्मी जोडपी या हंसांच्या साक्षीनं अवघडून उभी राहिलीत. बाबालालभाई पडद्याची सुरकुती हातानं सारखी करतात आणि सांगू लागतात, पूर्वी सांगायचे तसंच, की हनुवटी खाली केल्यावर माणसं सगळी एकसारखी दिसतात. नवरा कोण आणि करवला कोण कळत नाही. फोटो कुठला, हे कळतं ते मागच्या पडद्यावरून. गावातल्या तिन्ही स्टुडिओंचे पडदे त्यांना पाठ होते.

"बाबालालभाई, मला सातच्या आत उरकायचंय."

"पडदा बघा तर खरं."

मी चिडून पडद्याला हात लावते. बोट ओलं होतं. तळ्याच्या काठानं सीतेची आसवं फुललीत, निळी, घोट्याएवढी, वाऱ्यानं हलणारी. पायऱ्यांच्या जागी कातळ आहे. हंस उडून जातात. स्टूल तेवढं मागे राहतं, माळाच्या मधोमध, त्याच्यावर कोणी नाही.

बाबालालभाई गवतात पालथे पडलेत. कोपरं रोवलेली, डोळा कॅमेऱ्याला.

"खाली या बाई."

"गुडघा."

"इथं गुडघा नाही."

खरंच नाही. मी पोटावर झोपते आणि गवत माझ्या डोक्याच्या वर जातं. गेंदाची बटणं छत्र्यांएवढी होतात. एका पात्यावर टाचणी बसलीय, तिच्या पंखांतून पलीकडचं आभाळ चौकटीचौकटीचं दिसतं. दवबिंदूच्या पानावर एक चिलट अडकलंय आणि प्रत्येक थेंबात ते चिलट पुन्हा आहे, उलटं. चौदा वर्षं मी या माणसाच्या पाहण्याच्या नोंदी केल्या. ते काय पाहत होते ते आज पाहतेय.

ते कॅमेरा माझ्याकडे सरकवतात. बटण कधी दाबायचं ते हळू आवाजात सांगतात: श्वास सोडून झाला की. श्वास धरून काढलेला फोटो घाबरलेला येतो. मी श्वास सोडते आणि बटण दाबते. माझ्या आयुष्यातला तो पहिला फोटो आहे ज्याला मी लगेच रकाना शोधत नाही.

मान वळवते तर अकरा लाल झेंडे बगळ्यांसारखे एकेक पाय उचलत आमच्याकडे येतायत. त्यांच्या मागे कुठंतरी इंजिन घरघरतंय.

"कुठंय ती?" मी विचारते. "खर्चुडी. लवकर सांगा."

"अर्ज द्यायचाय," बाबालालभाई म्हणतात.

ते जाळीच्या पलीकडे उभे आहेत आणि मी अलीकडे, माझ्या जुन्या खुर्चीवर. टेबलावर शिक्क्यांचा स्टँड, शाईची गादी, आवकची वही. माझा हात सवयीनं पुढे होतो. ते जाळीखालच्या फटीतून कागद सरकवतात.

"अर्जदार?"

"खर्चुडी. मुक्काम पोस्ट दावणमाळ."

"विषय?"

"माझी जागा चुकीची लिहिली गेल्याबाबत."

मी शिक्का उचलते. गादी कोरडी आहे. अर्जावर पूर्ण पत्ता नाही, अपुरा अर्ज घेता येत नाही, असं मी नियमाला धरून सांगते. पत्ता मागायचा हा मार्ग मला फार हुशारीचा वाटतो. बाबालालभाई गालात हसतात. पत्ता असता तर अर्ज कशाला केला असता, विचारतात. मग वहीचं पहिलं पान उलगडून जाळीला लावतात. तिथं माझ्याच वळणदार अक्षरात लिहिलंय की सदर नोंदी खऱ्या व बिनचूक आहेत. खाली सही. सहीखाली दोन टिंबं, मी कायम देते ती.

"जागा तुम्ही सरकवल्यात," मी म्हणते. "मी फक्त लिहिल्या."

"मी चोरांसाठी सरकवल्या. तुम्ही साहेबापुढं गप्प बसलात ते कुणासाठी?"

मी उठते. मला दाराशी जायचंय. दार सापडत नाही. जाळीच्या तारा मऊ झाल्यात, आतल्या बाजूला वळल्यात, दाट केसांसारख्या. उजेड हिरवट जांभळा आहे. भिंती वर जाऊन एकमेकींना चिकटल्यात, कंदिलाच्या वरच्या टोपणासारख्या. आणि मला कळतं मी कुठं आहे.

या फुलाची करणी मला बाबालालभाईंनीच फाटकापाशी समजावून दिली होती. वासानं चिलट आत येतं. आतले केस खालच्या बाजूला वळलेले, त्यामुळे उतरता येतं, चढता येत नाही. एक दिवस फूल त्याला धरून ठेवतं. मग केस सुकून पडतात आणि चिलट पाठीवर पराग घेऊन निघून जातं. मी म्हणाले होते, म्हणजे आवक आज आणि जावक उद्या. हे त्यांना इतकं आवडलं होतं की त्यांनी पुढचा महिनाभर भेटेल त्याला ऐकवलं.

माझ्या शेजारी एक चिलट पाय पुसत बसलंय. त्याला घाई नाही. त्याचा उद्या ठरलेला आहे. माझ्या उद्याला सात वाजता जेसीबी येणार आहे. शाल अंगाला चिकटलीय.

"बेत काय आहे तुमचा?" बाहेरून आवाज येतो.

मी सांगते. गुपचूप शोधायची, आजच सापडली म्हणायचं, वही शाबूत. ते मध्ये बोलत नाहीत. टक्कल दिसू देऊ नका म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाचं ते असंच शांतपणे ऐकून घ्यायचे, आणि मग दिवा टकलावरच लावायचे.

"बरं. खर्चुडी वाचली," ते म्हणतात. "बाकीच्या दहांचं?"

मी अंगाला चिकटलेलं शालीचं टोक सोडवू बघते.

"कपारीत फुलणारी आमरी? तिच्या बुडाशी अंडी घालणारी सरड्याची मादी? सगळ्या आजच सापडल्या म्हणणार?"

सकाळपासून मी अकरा झेंडे मोजतेय, आणि वाचवायला मात्र एकच धरलंय. मी, जी ऑफिसातल्या टाचण्यासुद्धा मोजून घ्यायची. खर्चुडी नावाजलेली होती, तिच्यावर लोकांचं लक्ष होतं, ती गेली तर बोभाटा झाला असता. बाकीच्या दहा गेल्या असत्या तर कुणाला कळलंही नसतं. माझ्या बेताचा हिशेब हा असा होता, आणि तो मी स्वतःला कधी वाचून दाखवला नव्हता.

"शाल काढा बाई. उकडत असेल."

मी शाल काढते. घडी घालून चिलटाच्या शेजारी ठेवते. नारळ तिच्यावर.

"वहीतल्या अकरा जागा खोट्या आहेत," मी म्हणते. आवाज कंदिलात घुमतो. "मला माहीत होतं. साहेबांनी कौतुक केलं, ते मला आवडलं, म्हणून मी बोलले नाही."

एवढंच आहे ते. कागदावर दोन ओळीसुद्धा होणार नाहीत.

आधी काही होत नाही. मग वरचा एक केस मान टाकतो. मग त्याच्या शेजारचा. उन्हात राहिलेल्या कोथिंबिरीसारखे सगळे केस मलूल होऊन भिंतीला टेकतात, आणि वर एक गोल उजेडाचा तुकडा दिसतो.

तांबडा चिखल. समोर कडा, खाली आमच्या गावाची कौलं. बाबालालभाई दगडावर बसलेत आणि त्यांच्या हातात माझी कात्री आहे, मुठीला लाल दोरा गुंडाळलेली.

"आता सांगा," मी म्हणते. "आता तरी."

"सांगितलीय की. अकरा वेळा. तुम्ही कापून टाकलीत."

मला कळत नाही. ते कात्री उघडतात, मिटतात. मग सांगू लागतात, आणि मी ऐकताना पहिल्यांदाच काही लिहून घेत नाही. प्रत्येक दुर्मीळ झाडाचा फोटो त्यांनी सकाळीच काढला, सूर्य पाठीशी घेऊन. लेन्स तीच, फुलापासून अंतर वितीचं. मागे पडदा म्हणून दर वेळी एकच गोष्ट ठेवली, माळावरचा शेंदूर फासलेला म्हसोबा. फूल जवळचं, त्यामुळे मागचा म्हसोबा पुसट होतो, नुसता केशरी डाग उरतो. फोटोच्या कडेला.

तो डाग मी अकराही प्रिंटांवर पाहिलाय. फोटो खराब करतो म्हणून अकराही वेळा कापलाय.

"डाग तांदळाएवढा आला तर म्हसोबापासून शंभर पावलं," बाबालालभाई सांगतात. "ज्वारीएवढा तर पन्नास. हरभऱ्याएवढा तर वीस. सूर्य माझ्या पाठीशी, म्हसोबा माझ्या तोंडासमोर. मग फूल कुठल्या अंगाला?"

"म्हसोबाच्या पूर्वेला," मी म्हणते. "कड्याच्या बाजूला."

"आणि खर्चुडीचा डाग?"

आठवत नाही. तीच तर गोष्ट आहे. पण मला दुसरंच काही आठवतं. पहिला कापलेला प्रिंट वहीत पाहिला तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला होता.  मग म्हणाले होते, छान बसलाय रकान्यात. इतकी वर्षं मी ते कौतुक समजत आलेय.

"तेव्हाच का नाही बोललात?"

"वाटलं, असू दे. कापलेलं कुठं जातंय?" ते कात्री माझ्या हातात देतात, मुठीकडून, शिस्तीत. "आयुष्यात तुम्ही काही टाकून दिलंय का बाई?"

इंजिनाचा आवाज जवळ आलाय. झेंडे ओळीनं येऊन आमच्याभोवती उभे राहिलेत. बाबालालभाई उठतात, गुडघ्यांचा चिखल झटकायचा विचार करतात आणि तसाच ठेवतात.

"तुमचा फोटो राहिलाच," म्हणतात, आणि काळं फडकं डोक्यावर घेतात. "इकडे बघा. मान वर. हनुवटी..."

मी हनुवटी खाली करते.

"नको," फडक्यातून आवाज येतो. "आज वरच असू द्या."

टक्.

टक्. पंखा. चार वाजून दहा मिनिटं झालीत. वही जमिनीवर उपडी पडलीय. माझी उजवी मूठ घट्ट मिटलेली आहे, इतकी की उघडताना बोटं दुखतात.

आत फोटोच्या कागदाची एक पट्टी आहे. बोटभर रुंद, एका बाजूला कात्रीची सरळ कड. पुसट हिरवी गवताची तीन पाती आणि त्यांच्या मागे एक केशरी डाग.

प्रिंट कापून उरलेल्या पट्ट्या मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकते. डबा कपाटात आहे, शालीच्या खाली. उठून पाहते. कपाट बंद. शालीची घडी मोडलेली नाही. डब्याचं झाकण इतकं घट्ट की नेहमीसारखं चमच्याच्या दांड्यानंच उचकटावं लागतं. आत शेकडो पट्ट्या, वर्षानुवर्षांच्या, एकमेकींत गुंतलेल्या. त्यातली ही एक माझ्या हातात कधी आली याचा रकाना मी मोकळा सोडते.

वहीत खर्चुडीचं पान उघडून पट्टी फोटोच्या कडेला लावते. गवताची तीन पाती फोटोतल्या तीन पात्यांना जुळतात. स्वयंपाकघरात जाते, डब्यातून एक हरभरा काढते आणि केशरी डागावर ठेवते. डाग पूर्ण झाकला जातो. बाहेर काही उरत नाही.

म्हसोबापासून पूर्वेला वीस पावलं. आज सकाळी मी स्वतः पाहिलंय, फक्की त्या जागेवरूनच गेलीय.

म्हणजे बेत अजून जिवंत आहे. आता तर तो फारच सोपा झालाय. काठी घ्यायची, उजेड आहे तोवर हळूहळू वर जायचं, मोबाइलवर फोटो काढायचा, साहेबांना पाठवायचा. शाल कपाटात राहील, वही साहेबांच्या टेबलावर जाईल. मी हरभरा बोटांत धरून एवढं सगळं नीट बघते, कारण कुठलाही कागद न वाचता बाजूला ठेवायची मला सवय नाही. मग पट्ट्यांच्या डब्याकडे बघते. आत अजून दहा डाग आहेत, आणि ते शोधून, जुळवून, पावलं मोजायला एक रात्र पुरणार नाही.

फोन लावते.

"साहेब, मी खराडे. वहीतल्या अकरा जागा खोट्या आहेत. मला माहीत होतं."

 तोडकर साहेब जपून विचारतात, "बाई, झोपेतून उठून बोलताय का?"

"हो," मी म्हणते. "आत्ताच उठलेय."

पुढचं बोलणं गोड नाही. आखणी कुणाच्या भरवशावर केली, वरिष्ठांना काय सांगायचं, पंधरा ऑगस्टचा फोटो सगळीकडे गेलाय, हे सगळं ते बोलतात आणि त्यातलं एकही चूक नाही. अक्षर कुणाचं, विचारतात. माझं. सही? माझी. बाबालालभाईंचं नाव मी घेते ते फक्त खऱ्या जागा कशा सापडतील हे सांगताना. हे सगळं लेखी द्यावं लागेल, म्हणतात, आणि उद्या पायवाटेच्या समितीतल्या सगळ्या लोकांसमोर. देते म्हणते. शेवटी ते सुस्कारा सोडून सांगतात, मशीन एक दिवस थांबवतो. एकच दिवस.

"एक दिवस पुरतो," मी म्हणते. "साडेसहाला म्हसोबापाशी आहे मी."

गुडघ्याचं काय, असं ते विचारत नाहीत. मीही सांगत नाही. कोनाड्यातली काठी काढून दाराशी ठेवते, पिशवीत डबा घालते, पाण्याची बाटली, मोजायला मूठभर हरभरे, ज्वारी, तांदूळ. पत्र लिहायला कोरा कागद. विषय लिहायला वेळ लागत नाही.

मग वही टेबलावर घेते. खर्चुडीच्या फोटोच्या कडेला डिंक लावते आणि पट्टी जिथली तिथं चिकटवते. चौकटीत ती मावत नाही. रेषा ओलांडून, समासावरून, पानाच्या बाहेर बोटभर येते, आणि तिच्या टोकाला तो केशरी डाग. कात्री समोरच आहे. मी ती ड्रॉवरमध्ये ठेवते.

वही मिटून पाहते. आता ती नीट मिटत नाही.